वाचकांचे प्रश्न : एल्विस प्रेस्लीचा ‘स्पिनआउट’ आणि पडत्या काळातली सिनेमाची गाणी

एल्विस प्रेस्लीने १९५६ ते १९६९ या काळात ३१ कथापटांत काम केलं आणि त्यातल्या बहुतेक सिनेमांची गाणी तबकडीवर आली. या वेळची बरीच पत्रं १९६३ ते १९६७ या वर्षांतल्या अल्बमांबद्दल आहेत, त्यातही १९६६च्या ‘स्पिनआउट’बद्दल. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ‘स्पिनआउट’ सलग ऐकला. पहिल्या नऊ गाण्यांत मन रमत नाही आणि शेवटची तीन ऐकताना हा दुसराच कुणी गायक आहे की काय, असं वाटतं. एकाच तबकडीत एवढा फरक कसा?

तुमचा कान बरोबर सांगतोय. ही तबकडी एका ठिकाणी, एका कामासाठी झालेलीच नाही. पहिली नऊ गाणी सिनेमाची. ती हॉलिवूडच्या रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत १६ आणि १७ फेब्रुवारी १९६६ला मुद्रित झाली. शेवटची तीन नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमधली आहेत, मे आणि जून १९६६मधली. त्यांचा सिनेमाशी काही संबंध नाही. त्या काळी अमेरिकेत एलपीवर साधारण बारा गाणी असावीत अशी अपेक्षा असे. सिनेमातून नऊच निघाली, म्हणून उरलेली जागा भरायला आरसीए या तबकडी कंपनीने ही तीन ‘बोनस’ म्हणून मागे जोडली.

त्या तिघांकडे नीट बघा. ‘टुमॉरो इज अ लाँग टाइम’ हे बॉब डिलनचं. डिलनच्या स्वतःच्या आवाजातलं हे गाणं तोवर बाजारात आलेलंच नव्हतं, ते १९७१मध्ये आलं. एल्विसला ते ओडेटा या गायिकेने डिलनची गाणी गाऊन केलेल्या १९६५च्या तबकडीवरून माहीत झालं. गाणं पाच मिनिटांच्या वर चालतं. सिनेमाची गाणी दोन-अडीच मिनिटांत आटपत असताना ही लांबीच वेगळी उठून दिसते. साथीला गिटार, बेस आणि डफासारखं वाजणारं टॅम्बुरीन. एल्विस आवाज खाली ठेवून, जवळजवळ स्वतःशीच गातो आणि शेवटपर्यंत आवाज चढवत नाही. डिलनने १९६९मध्ये एका मुलाखतीत, आपल्या गाण्याचं दुसऱ्या कुणी केलेलं हे मुद्रण आपल्याला सर्वांत मोलाचं वाटतं, असं सांगितलं होतं. आमच्या मते एल्विसच्या साऱ्या साठच्या दशकातल्या पहिल्या पाच गाण्यांत हे बसतं, आणि कंपनीने ते एका मोटार-शर्यतीच्या सिनेमाच्या अल्बममध्ये दुसऱ्या बाजूला चौथ्या क्रमांकावर टाकलं. कित्येक वर्षं ते फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

‘डाउन इन द अ‍ॅली’ हे क्लोव्हर्स या गटाचं १९५७चं र्‍हिदम अँड ब्लूज. त्यात एल्विस कोरसबरोबर दंगा करतो, शब्द चावतो, मध्येच ओढतो. ‘आय विल रिमेंबर यू’ हवाईचा गीतकार कुई ली याचं. हे पुढे १९७३मध्ये एल्विसने होनोलुलूच्या कार्यक्रमात गायलं आणि तो कार्यक्रमच कुई लीच्या नावाच्या कर्करोग निधीसाठी होता. या तिन्ही गाण्यांत एक गोष्ट समान आहे. ती एल्विसने आवडली म्हणून घेतली होती.

पहिल्या नऊवर मात्र सरसकट काट मारू नका. ‘ऑल दॅट आय अ‍ॅम’ मनापासून गायलेलं आहे. त्यात मागे तंतुवाद्यांचा ताफा आहे आणि एल्विसच्या तोवरच्या गाण्यांत तो जवळजवळ नसेच. ‘स्टॉप, लुक अँड लिसन’ला झपाटा आहे. पण ‘स्मॉर्गसबोर्ड’मध्ये मुलींची तुलना मेजवानीच्या पदार्थांशी केली आहे आणि ‘बीच शॅक’ची चाल दोन ओळींतच संपते. तिथे कोणत्याही गायकाला करण्यासारखं काही उरत नाही.

प्रश्न : पडता काळ म्हणतात तो नेमका कधीपासून धरायचा? अल्बम तर खपत होते ना?

खपत होते, आणि घोटाळा तिथेच झाला. १९६०चा ‘जी. आय. ब्लूज’ अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत १० आठवडे पहिला होता. १९६१चा ‘ब्लू हवाई’ २० आठवडे पहिला होता. याच सुमारास ‘फ्लेमिंग स्टार’ आणि ‘वाइल्ड इन द कंट्री’ हे कमी गाण्यांचे, अभिनयाला वाव देणारे सिनेमे आले आणि त्यांची कमाई त्या मानाने थोडी झाली. व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर आणि निर्मात्यांनी त्यातून सरळ हिशेब काढला : सुंदर ठिकाण, दहा-बारा गाणी, मुली, एखादी मारामारी. पुढची सहा-सात वर्षं हाच साचा चालला.

उतार हळूहळू आला. १९६४चा ‘राउस्टअबाउट’ जानेवारी १९६५मध्ये एक आठवडा पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या अल्बमने त्याची जागा घेतली, आणि त्यानंतर एल्विसचा अल्बम पहिल्या क्रमांकावर यायला १९७३ उजाडलं. १९६५चे ‘गर्ल हॅपी’ आणि ‘हॅरम स्कॅरम’ दोन्ही आठव्या क्रमांकापर्यंत पोचले. १९६६मध्ये ‘फ्रँकी अँड जॉनी’ २०, ‘पॅराडाइज, हवाईयन स्टाइल’ १५, ‘स्पिनआउट’ १८. मग एकदम घसरण : १९६७चा ‘डबल ट्रबल’ ४७, ‘क्लॅमबेक’ ४०, आणि १९६८चा ‘स्पीडवे’ ८२.

सुट्या गाण्यांत उतार आधी दिसतो. १९६३मध्ये ‘बोसा नोव्हा बेबी’ आठव्या क्रमांकावर गेलं. तिथपासून १९६९पर्यंत पहिल्या दहांत फक्त एक गाणं आलं, ‘क्राइंग इन द चॅपल’, १९६५मध्ये तिसऱ्या क्रमांकावर. ते मुद्रित झालं होतं ऑक्टोबर १९६०मध्ये, म्हणजे साडेचार वर्षं पडून होतं. चालू काळातल्या कामापेक्षा कपाटातलं जुनं भक्तिगीत जास्त चाललं.

आमच्या दृष्टीने खरी तारीख मात्र वेगळी. १२ जानेवारी १९६४ला नॅशव्हिलमध्ये सिनेमाबाहेरच्या थोड्या गाण्यांचं मुद्रण झालं. त्यानंतर २५ मे १९६६पर्यंत एल्विसने सिनेमासाठी नसलेलं एकही गाणं स्टुडिओत मुद्रित केलं नाही. सव्वादोन वर्षांहून जास्त! आणि ही वर्षं कोणती, तर लोकप्रिय संगीत महिन्यामहिन्याला बदलत होतं ती.

प्रश्न : एवढ्या मोठ्या गायकासाठी गाणी निवडत कोण होतं? चांगले गीतकार मिळत नव्हते का?

गीतकार चांगले होते. डॉक पोमस आणि मॉर्ट शुमन यांनी ‘व्हिवा लास वेगस’ लिहिलं आणि ‘स्पिनआउट’मधलं ‘नेव्हर से येस’ही त्यांचंच. ओटिस ब्लॅकवेलने विनफिल्ड स्कॉटबरोबर ‘रिटर्न टू सेंडर’ दिलं. अडचण वाटेत होती.

ती वाट अशी. हिल अँड रेंज ही न्यूयॉर्कची संगीत-प्रकाशन कंपनी. तिच्याशी जोडलेल्या ‘एल्विस प्रेस्ली म्युझिक’ आणि ‘ग्लॅडिस म्युझिक’ या दोन कंपन्यांत एल्विसचा अर्धा वाटा होता. एल्विसने गावं असं वाटत असेल तर गाण्याचे प्रकाशनहक्क या घरात यायला हवेत, शिवाय गीतकाराने आपल्या मानधनातलाही काही भाग सोडायचा, अशी पद्धत होती. १९५६मध्ये हे गीतकारांना परवडत होतं, कारण एल्विसची तबकडी म्हणजे दहा लाख खप. १९६५मध्ये खप उतरला, अट तशीच राहिली. स्वतःचं गाणं स्वतः गाणारे नवे लोक हक्क कशाला सोडतील? त्यामुळे बाहेरचं ताजं गाणं आत येईना.

आतले लोक काम कसं करत तेही पाहा. सिनेमाची संहिता हिल अँड रेंजच्या फ्रेडी बीनस्टॉकच्या कचेरीत येई. गाणं कुठे येणार त्या जागा संहितेत ठरलेल्या असत : इथे बोटीवरचं, इथे मुलीची समजूत काढण्याचं, इथे लहान मुलासाठी. तीच संहिता गीतकारांच्या अनेक जोड्यांकडे जाई आणि एकेका जागेसाठी प्रत्येक जोडी आपलं गाणं देई. बेन वाइझमन, सिड टेपर आणि रॉय बेनेट, बिल जायंट-बर्नी बॉम-फ्लोरेन्स के ही नावं तबकड्यांवर पुन्हा पुन्हा दिसतात ती यामुळे. मग एल्विससारखा आवाज काढणारा गायक घेऊन डेमो, म्हणजे गाण्याचं नमुना-मुद्रण, बने. पी. जे. प्रोबीने अशी कामं केली आहेत. एल्विस डेमो ऐकून निवड करी.

आता यात बिघडतं कुठे? गीतकार प्रसंगाला चिकटून लिहितो, कारण न जुळणारं गाणं बाद होतं. त्यामुळे प्रसंग काढून घेतला की गाण्याला अर्थच राहत नाही. सिनेमात ते दोन मिनिटं निभावतं, तबकडीवर उघडं पडतं. डेमोवाला एल्विसची जुनी लकब वापरतो आणि खरा एल्विस त्या लकबीची नक्कल ऐकून गाणं उचलतो. म्हणजे १९६५चा एल्विस १९५८च्या एल्विसच्या सावलीवर गात होता. शिवाय निवड ‘या पाचांतलं एक’ एवढीच. पाचही नको, असं म्हणायची सोय नव्हती, कारण चित्रीकरणाची तारीख ठरलेली असे.

प्रश्न : सिनेमाची गाणी दोन-तीन दिवसांत मुद्रित होत असं वाचलं. घाईमुळे गाणी बिघडली का?

घाई एकटी दोषी नाही. ‘ब्लू हवाई’ची गाणीही मार्च १९६१मध्ये तीन दिवसांत झाली होती आणि त्यात ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’सारखं गाणं आहे. एल्विसला सगळ्या वादकांबरोबर एका खोलीत उभं राहून, एकामागून एक टेक घेत, म्हणजे तेच गाणं पुन्हा पुन्हा मुद्रित करत, गायची सवय होती. दहाव्या टेकपर्यंत गाणं बदलत जाई आणि त्यातून ते त्याचं होई. ‘हॅरम स्कॅरम’च्या वेळी, फेब्रुवारी १९६५मध्ये, तोच वेळ मिळाला, स्टुडिओही नॅशव्हिलचा आवडता. तरी टेकमागून टेक जाऊन गाण्यात जीव येत नाही, कारण घडवायला आत काही नाही.

सिनेमाच्या गाण्याला वेगळ्या बेड्या असतात हे मात्र खरं. आपल्याकडे पार्श्वगायकाच्या गाण्यावर नट ओठ हलवतो. इथे नट आणि गायक एकच, पण पद्धत तीच : गाणं आधी मुद्रित, मग सेटवर ते वाजवून त्यावर ओठ हलवायचे. म्हणून लांबी प्रसंगाच्या मापाची, लय नाचाला झेपेल अशी, आणि शेवट दृश्य जिथे तोडायचं तिथे. सोलो लांबवायचा नाही, ओळ पुन्हा घ्यायची नाही.

त्यात १९६५च्या सुमारास वादकांचा ट्रॅक आधी तयार करून एल्विसचा आवाज नंतर चढवायची पद्धत वाढली. ‘पॅराडाइज, हवाईयन स्टाइल’मध्ये ती जाणवते. तयार ट्रॅकवर गायक ओळ मागे ओढू लागला तर ढोल त्याच्यासाठी थांबत नाही, आणि गाणं सपाट होतं. पण हाही नियम नाही. ‘आय विल रिमेंबर यू’चा ट्रॅक जून १९६६मध्ये एल्विस स्टुडिओत नसताना झाला, त्याचा मित्र रेड वेस्टने मार्गदर्शक म्हणून गाऊन ठेवलं आणि एल्विसने दोन दिवसांनी येऊन आपला आवाज चढवला. ऐकताना शंकाही येत नाही. गाणं आवडीचं असलं की पद्धतीचा अडसर तो सहज ओलांडत होता.

प्रश्न : ‘टिकल मी’ या सिनेमाचा अल्बम कुठेच सापडत नाही. ‘व्हिवा लास वेगस’चाही नाही.

‘टिकल मी’चा अल्बम निघालाच नाही. अलाइड आर्टिस्ट्स या निर्मिती कंपनीकडे पैसा नव्हता, म्हणून १९६५च्या या सिनेमात सगळी गाणी एल्विसच्या १९६० ते १९६३मधल्या तबकड्यांतून उचलली. नवीन एकही नाही. गंमत म्हणजे त्यामुळेच त्यातली गाणी शेजारच्या सिनेमांपेक्षा सरस आहेत. ‘व्हिवा लास वेगस’ची चार गाणी ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, आली आणि शीर्षकगीत ‘व्हॉट आय से’च्या मागच्या बाजूला. एल्विसच्या सर्वांत गाजलेल्या सिनेगीतांपैकी एक, आणि त्या वेळी यादीत २९व्या क्रमांकावर थांबलं.

प्रश्न : एल्विसने योगावर एक विनोदी गाणं गायलं होतं हे खरं का?

खरं. १९६७च्या ‘ईझी कम, ईझी गो’मध्ये ‘योगा इज अ‍ॅज योगा डझ’ आहे, अभिनेत्री एल्सा लँचेस्टरबरोबर. यातली खंत अशी की त्याच वर्षांत एल्विस परमहंस योगानंदांचं लेखन गंभीरपणे वाचत होता आणि लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या सेल्फ रिअलायझेशन फेलोशिपच्या केंद्रात जात होता. ज्या विषयाबद्दल त्याला खरोखर ओढ होती त्याचीच टिंगल त्याच्या तोंडी घातली गेली. त्या सिनेमाची सहा गाणी ईपीवर आली आणि ती ईपी फारशी खपली नाही. हे गाणं मुद्दाम शोधून ऐकायची गरज नाही.

प्रश्न : मग तो यातून बाहेर कसा आला? १९६८च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने सगळं बदललं असं म्हणतात.

३ डिसेंबर १९६८ला एनबीसीवर झालेला कार्यक्रम लोकांना दिसला म्हणून तारीख तिथे पडली. बदल दोन वर्षं आधी सुरू झाला होता, आणि तो सिनेमाच्याच अल्बमांच्या शेवटच्या गाण्यांत लपलेला आहे.

२५ ते २८ मे १९६६ला नॅशव्हिलमध्ये फेल्टन जार्विस हा नवा निर्माता पहिल्यांदा एल्विसबरोबर बसला. मुख्य काम भक्तिगीतांच्या अल्बमचं होतं. तो ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’, १९६७मध्ये आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. ‘टुमॉरो इज अ लाँग टाइम’ आणि ‘डाउन इन द अ‍ॅली’ याच चार दिवसांतली. साथीला चार्ली मकॉय होता, जो त्याच वर्षी नॅशव्हिलमध्येच डिलनच्या मुद्रणातही वाजवत होता. म्हणजे तेच शहर आणि तेच वादक सिनेमाबाहेरच्या गाण्यासाठी मिळाले की काय घडतं, हे तिथे ऐकू येतं.

दुसरी पायरी सप्टेंबर १९६७. गिटारवादक आणि गीतकार जेरी रीडचं ‘गिटार मॅन’ घ्यायचं ठरलं, पण रीडच्या मूळ तबकडीतला गिटारचा ठेका हजर वादकांना जमेना. रीड बोटांनी छेडतो आणि तारा नेहमीच्या जुळणीत ठेवत नाही, त्यामुळे पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने, वाजवणाऱ्याच्या हातून ती उसळी येत नाही. शेवटी रीडलाच बोलावलं. तो वाजवू लागल्यावर एल्विसचा आवाज किती जागा झाला ते पहिल्या ओळीतच कळतं. मग प्रकाशनहक्कांचा विषय निघाला आणि रीडने वाटा द्यायला साफ नकार दिला. गाणं तरी झालंच. आमच्या मते ही घटना दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाइतकीच महत्त्वाची आहे, कारण जुनी अट पहिल्यांदा जाहीरपणे मोडली. हे गाणं कुठे छापलं? ‘क्लॅमबेक’च्या अल्बममध्ये, बोनस म्हणून.

१९६९च्या आरंभी मेंफिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत निर्माता चिप्स मोमनबरोबर काम झालं तेव्हा ‘सस्पिशियस माइंड्स’च्या हक्कांवरून तोच वाद पुन्हा झाला. मोमननेही हक्क सोडले नाहीत. ते गाणं नोव्हेंबर १९६९मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

प्रश्न : ‘स्पिनआउट’ची जुनी अमेरिकन एलपी मिळत आहे. काय तपासावं?

क्रमांक पाहा : एलपीएम-३७०२ म्हणजे मोनो, एलएसपी-३७०२ म्हणजे स्टिरिओ. पहिल्या छपाईचं लेबल काळं, वरच्या बाजूला ग्रामोफोनपुढे बसलेला कुत्रा. १९६८च्या अखेरीपासून लेबल नारिंगी झालं, तेव्हा नारिंगी लेबल दिसलं तर ती नंतरची छपाई. नारिंगीतही सुरुवातीच्या तबकड्या जाड आणि ताठ आहेत. १९७१च्या आसपास पातळ, वाकणाऱ्या आल्या. त्या लवकर लाटेसारख्या होतात, म्हणून फिरवून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. पहिल्या छपाईबरोबर कव्हरच्या मापाचा एक फोटो होता, तो बहुधा हरवलेला असतो. विकणारा ‘संपूर्ण’ म्हणत असेल तर फोटो आहे का विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचं. चांगली तीन गाणी दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहेत, म्हणजे तबकडीच्या आतल्या खाचांत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरताना बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आत जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे झीज आणि सुईची चुकीची बसवण दोन्ही आतच जास्त त्रास देतात. ‘स’ आणि ‘श’ फुटतात, उंच सूर खरखरतात. म्हणून दुकानात तबकडी वाजवून पाहायची असेल तर पहिलं गाणं ऐकून समाधान मानू नका. शेवटचं ‘आय विल रिमेंबर यू’ लावा. ते स्वच्छ असेल तर बाकीही बहुधा स्वच्छ असतं. दिव्याखाली तिरपी धरल्यावर आतला भाग करडा दिसत असेल तर जड सुईने झिजलेली आहे. ती झीज धुऊन जात नाही.

घरी वाजवताना लंबवर्तुळाकार टोकाची सुई, दाब कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) सूचनेप्रमाणे, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. दाब कमी ठेवला तर तबकडी वाचेल ही समजूत चुकीची आहे. सुई खाचेत उसळते आणि भिंती जास्त खरवडते. मोनो तबकडी स्टिरिओ सुईने बिनधास्त वाजवा, अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. खाचेची उभी खरखर बरीच कमी होते.

जाता जाता : ‘स्पीडवे’ची मोनो एलपी दिसली तर सोडू नका. १९६८मध्ये मोनो बंद होत आलं होतं आणि ती फार थोडी निघाली.

प्रश्न : सीडीवर ऐकायचं तर कोणती घ्यावी?

इथे बरेच लोक फसतात. १९९३ ते १९९५मध्ये आरसीएने ‘डबल फीचर्स’ ही मालिका काढली. दोन सिनेमे एका सीडीवर, ‘स्पिनआउट’ची जोडी ‘डबल ट्रबल’शी. ध्वनी चांगला आहे, पण मालिकेत फक्त सिनेमाची गाणी आहेत. बोनस गाणी वगळली आहेत, म्हणजे नेमकं जे हवं तेच नाही! ती तीन गाणी आणि ‘गिटार मॅन’ १९९३च्या पाच सीडींच्या ‘फ्रॉम नॅशव्हिल टू मेंफिस’ या संचात आहेत. सिनेमाबाहेरची साठच्या दशकातली गाणी त्यात एकत्र मिळतात. सिनेमातली निवडक ६२ गाणी १९९५च्या ‘कमांड परफॉर्मन्सेस’ या दोन सीडींत आहेत. हे दोन संच घेतले की बहुतेकांचं काम भागतं. टेकमागून टेक कसे बदलत गेले हे ऐकायचं असेल तरच ‘फॉलो दॅट ड्रीम’ या संग्राहकांसाठीच्या लेबलकडे वळा.

प्रश्न : या वर्षांतल्या गाण्यांतून एकच चांगली एलपी करायची झाली तर कोणती बारा गाणी आणि कोणत्या क्रमाने?

पहिली बाजू : ‘व्हिवा लास वेगस’, ‘बोसा नोव्हा बेबी’, ‘लाँग लोनली हायवे’, ‘लिटल ईजिप्त’, ‘पपेट ऑन अ स्ट्रिंग’, ‘इट हर्ट्स मी’. सुरुवातीची दोन वेगवान आहेत. तिसरं ‘किसिन कझिन्स’च्या अल्बममध्ये बोनस म्हणून दडलेलं पोमस-शुमनचं गाणं, ते त्यांच्या पाठोपाठ लगेच घ्या. ‘पपेट ऑन अ स्ट्रिंग’ हळवं, छोटं, आणि ‘गर्ल हॅपी’मधलं सर्वांत नीट गायलेलं. ‘इट हर्ट्स मी’ हे जानेवारी १९६४च्या त्या शेवटच्या सत्रातलं, बाजू संपवायला योग्य, कारण त्यानंतर काही वाजलं तर ते फिकं वाटतं.

दुसरी बाजू : ‘स्टॉप, लुक अँड लिसन’, ‘ऑल दॅट आय अ‍ॅम’, ‘बिग बॉस मॅन’, ‘डाउन इन द अ‍ॅली’, ‘गिटार मॅन’, ‘टुमॉरो इज अ लाँग टाइम’. ‘आय विल रिमेंबर यू’ नाइलाजाने बाहेर ठेवलं. दोन संथ गाणी शेवटी लागोपाठ आली की दुसरं ऐकलं जात नाही. कुणाला ते हवंच असेल तर ‘ऑल दॅट आय अ‍ॅम’ काढून त्या जागी घालावं.

यादी ऑनलाइन जमवताना ‘गिटार मॅन’चं साल बघा. फेल्टन जार्विसने एल्विसच्या मृत्यूनंतर जुन्या आवाजामागे नवी साथ घालून ते पुन्हा तयार केलं आणि ते १९८१मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. शोधताना बऱ्याचदा तेच वर येतं. १९६७चं घ्या. त्यात गिटार पुढे, स्वच्छ आणि एकटी ऐकू येते. ‘गर्ल हॅपी’चं शीर्षकगीत यादीत नाही, तरी कुतूहल असेल तर मूळ गतीचं ऐका. तबकडीवर ते वेग वाढवून छापलं होतं, म्हणून एल्विसचा आवाज तिथे पातळ आणि पोरकट येतो.